गावंडेबाईंची उन्हाळी शाळा

सुभद्राबाई गावंडे यांची आणि माझी ओळख एका कुलपामुळे झाली.

तेव्हा मी दिग्रस भागातल्या प्राथमिक शाळांचा तपासनीस होतो. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कचेरीतले छापील नमुने बदलले होते, पुस्तकं बदलणार होती, आणि वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात 'पटनोंदणी' आणि 'हजेरी' या दोन शब्दांखाली लाल रेघ असायची. प्रत्येक पोर शाळेत दिसलं पाहिजे, असा हुकूम होता. मी तिशीतला, मूळचा बोरी अरबचा. हुद्दा नवा, सायकलही नवी. मी गावात शिरलो की "डिप्टी साहेब आले" म्हणून जी धांदल उडायची ती मला मनातून आवडायची, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बरडाचा तांडा दिग्रसपासून सात-आठ मैलांवर. बंजाऱ्यांची वस्ती. यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले. आता ही माणसं थोडी खडकाळ जमीन कसत आणि उरलेले दिवस दुसऱ्यांच्या वावरात राबत. शाळा एकशिक्षकी होती. डिसेंबरातल्या एका सकाळी, आगाऊ न कळवता, मी तिथं पोचलो तर दाराला कुलूप. दारावर खडूनं, गोल आणि ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : 'शाळा वेचणीपुरती बंद आहे. उन्हाळ्यात पूर्ण भरेल. सु. गावंडे, मुख्याध्यापिका.'

मास्तर शाळा न उघडता गावी निघून जातात, हे मला नवीन नव्हतं. पण गुन्हा करून वर दारावर सही ठोकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझं डोकं तापलं. एका म्हातारीनं हात करून दिशा दाखवली, "बाई वावरात." मी सायकल तिथंच टाकली आणि ढेकळं तुडवत निघालो.

मैलभरावर एका मोठ्या शेतकऱ्याच्या वावरात कापूस पांढरा फुटला होता. बाया, पोरं पोटाला ओटी बांधून ओळीनं वेचत होती. बांधावर एक उंच, हडकुळी बाई उभी होती. चाळिशीची असावी. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, काखेत छत्री, हातात मेणकापडात गुंडाळलेली वही. ती वहीतून एकेक नाव वाचत होती.

"देवीदासजी!"

कपाशीतून बारीक आवाज आला, "हजर जी!"

"लच्छूजी! धानीबाई!"

आठ-नऊ वर्षांची एक पोरगी उठून उभी राहिली. तिच्या पाठीवर फडक्यात बांधलेलं मूल होतं. "हजर जी," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

मी कोण ते सांगितलं. बाईंनी वही मिटली, पण घाबरल्या नाहीत.

"तुम्ही शाळा बंद ठेवलीत?"

"हो जी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी मांगतली होती. दोनदा. उत्तर आलं नाही. कापूस काही उत्तराची वाट पाहून राह्यला नाही."

"मला हे लिहावं लागेल."

"मंग लिहा ना. मी तं दारावर लिहूनच ठेवलं हाय."

मी म्हणालो, "म्हणजे सरकार पोरांना शाळेत आणायचं म्हणतं, आणि तुम्ही त्यांना मजुरीला मोकळं सोडता."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सोडत नाही, साहेब. शाळा उघडी ठेवली तरी ते इथंच येतात. मायबाप इथं, तं पोट्टे कुठी राहतीन? दोन महिने वहीत गैरहजर, गैरहजर, आन् मंग तुमचा नियम म्हणते नाव कमी करा. कागदावर नाव कमी केलं का पोरगंच कमी होते. वेचणी सरली तरी ते शाळेकडे पाहत नाही. त्याले वाटते, तिथं आपलं काही उरलं नाही." त्यांनी छत्रीनं लांब दाखवलं. "तो निळ्या बंडीतला. ती वाकलेली. तो तिकडचा, बैलापाशी. हे मागच्या सालचे. हुशार होते. मीच कमी केले, माह्या हातानं."

उन्हाळ्यात शाळा कशी भरवणार, म्हणून मी विचारलं.

"सकाळी सहा ते दहा. सुट्टीत मले गाव नाही, गोत नाही. मी इथंच असते. तुमी या आन् मोजा."

मी माझ्या वहीत काही लिहिलं नाही. उन्हाळ्यात येतो म्हणालो आणि निघालो. परतीच्या वाटेवर एका गावची शाळा तपासली. खोलीत चार पोरं होती आणि हजेरीपटावर सगळी हजर. मास्तरांनी चहा मागवला. मी त्या पटावर सही केली. वेचणीच्या दिवसांत माझ्या भागातल्या सगळ्या शाळा कागदावर गच्च भरलेल्या असत. एकच शाळा रिकामी होती, कारण तिची वही खरी होती. हे मला सायकलवर बसल्याबसल्या कळलं, आणि तरी मी मागे वळून ती सही खोडली नाही.

गावंडेबाई कुठल्या, त्यांच्या घरी कोण होतं, हे मला कधीच नीट कळलं नाही. दारव्ह्याकडचं माहेर, लग्न लवकर मोडलेलं किंवा नवरा गेलेला, दोन्ही ऐकलं होतं. त्यांना विचारण्याची छाती मला झाली नाही. स्वभाव गोड म्हणावा असा मुळीच नव्हता. फटकळ होत्या, हट्टी होत्या, चुकलेल्या माणसाला लवकर सोडत नसत. शुद्धलेखनाचं तर वेडच. कचेरीचं पत्र असो की लग्नाची पत्रिका, हातातली पेन्सिल आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायची आणि मग त्या मजकूर वाचायच्या. माझ्या एका शेरापत्रकातल्या दोन चुका त्यांनी मला परत पाठवून दाखवल्या होत्या.

पोरांना मात्र 'जी' लावल्याशिवाय बोलत नसत. पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही "बसा, देवीदासजी." मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "यांच्या बापाले बाजारात सारे अरे-तुरे करतात. पोराले एका तरी जागी जी ऐकू येऊ द्या." शिवाय त्या तांड्याची बोली शिकल्या होत्या. नवीन आलेलं पोर मराठीला बावरून गप्प बसलं की त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसत आणि विचारत, "तारो नाम कांई छ?" पोर चमकून वर बघे. मग नाव सांगे. बाई ते नाव पाटीवर लिहून त्याच्या हातात देत. पहिला धडा तोच.

धानीचा बाप थावरा पोरीला पाठवायला तयार नव्हता. "हिले नेता, मंग लहान्याले कोन पाहीन?" असा त्याचा सवाल. बाई रोज सकाळी हातातली घंटा वाजवत त्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. पंधरा दिवस. शेवटी म्हणाल्या, "लहान्यालेही आना." शाळेच्या आढ्याला त्यांनी झोळी बांधली. धानी एका पायानं झोळीला झोका देत अक्षरं गिरवायची. फुलसिंग नायक, तांड्याचा मुखिया, हे बघून म्हणाला होता, "बाई, ही शाया हाय का पायनाघर?" बाई म्हणाल्या, "दोन्ही."

मे महिन्यात मी खरंच गेलो. अंधार असतानाच दिग्रसहून निघालो, तरी तांडा येईपर्यंत सदरा पाठीला चिकटला. शाळा भरली होती. पटावरची बहुतेक सगळी पोरं होती, बाईंनी वावरात नावं घेतलेली तीच. हिवाळ्यात त्यांनी छत्रीनं दाखवलेला निळ्या बंडीतला मुलगाही मागच्या ओळीत बसला होता, पटावर नाव नसताना. मी गणितं घातली, वाचून घेतलं, भिंतीवरच्या नकाशावर नद्या विचारल्या. माझ्या भागात इतकी तयारी मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिली नव्हती. पहिल्यांदा मला वाटलं की हिवाळ्यात मी जे लिहिलं नाही ते बरोबरच केलं. बाई मला निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एकच भेव हाय. विहीर आटून राह्यली."

मी ते ऐकलं आणि विसरलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धानी पडली.

विहीर आटल्यावर तांड्याचं पाणी नाल्यात खणलेल्या झिऱ्यावरून यायचं, वाळूत हातभर खड्डा करून झिरपलेलं. पाणी आणणं पोरींचं काम. पूर्वी त्या पहाटे, गारव्यात जायच्या. शाळेनं तो गारवा घेतला. बाईंनी सगळा विचार केला होता, वेचणीचा, पावसाचा, झोळीतल्या पोराचा. पहाटेच्या घागरीचा विचार त्यांनी केला नव्हता. मीही नव्हता केला. पोरी आता शाळा सुटल्यावर, डोक्यावर ऊन आल्यावर झिऱ्यावर जात होत्या, आणि कोणी बाईंना सांगितलं नाही, कारण शाळा बंद होईल अशी पोरींना भीती होती.

त्या दिवशी धानी झिऱ्यावर वाकली ती उठलीच नाही. दोन बायांनी उचलून आणली. अंग फणफणत होतं, डोळे फिरवलेले. बातमी मला दिग्रसला कळली तेव्हा मी निघालो, पण पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली होती. थावराच्या घरासमोर अख्खा तांडा जमला होता. आत बाई धानीच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होत्या. कपाळावर ओलं फडकं होतं. पाणी इतकं कमी होतं की फडक्यातून पिळलेलं पाणी त्या पुन्हा त्याच वाटीत घेत होत्या. थावराची बायको कैरीचं पन्हं चमच्यानं पोरीच्या ओठांत सोडत होती, ते बाहेर येत होतं.

फुलसिंग नायक मला दारात म्हणाला, "साहेब, पोरगी गेली तं बाईले या तांड्यात आमी ठेवनार नाई. तुमालेही पाय ठेवू देनार नाई." त्यानं आवाज चढवला नव्हता.

तीन दिवस बाई तिथून हलल्या नाहीत. मीही तांड्यातच राहिलो. चौथ्या दिवशी धानीनं डोळे उघडून याडीला, आईला, हाक मारली. बाई उठल्या, अंगणात गेल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो तर हातानं मला थांबवलं.

दुसऱ्या पहाटे त्यांनी घंटा वाजवली. मला वाटलं होतं, आता शाळा बंद. पण त्या घंटा वाजवत शाळेकडे न जाता नाल्याकडे निघाल्या, डोक्यावर घागर घेऊन. पोरींच्या मागे त्यांनी पोरांनाही लावलं. पोरगे घागरी उचलणार म्हटल्यावर बाप्यांनी आवाज केला. "पोट्ट्याच्या डोक्यावर घागर?" बाई म्हणाल्या, "तहान त्यालेही लागते." त्या दिवसापासून पहिला तास झिऱ्यावर भरायचा. पाणी घरोघर पोचलं की मग पाट्या बाहेर. पण तोवर उशीर झाला होता. यवतमाळला अर्ज पोचला होता.

अर्ज निनावी होता. बाई शाळा बंद ठेवून मुलांना एका धनिकाच्या वावरात राबवतात आणि भर उन्हाळ्यात बेकायदा वर्ग घेऊन त्यांचा जीव घेतात, असा मजकूर. अक्षर वळणदार होतं, तासन्तास घोटलेलं, मास्तरी. चौकशीला यवतमाळहून आमचे थोरले साहेब स्वतः आले. टिपण घ्यायला मी.

शाळेतच बसलो. साहेब खुर्चीत, मी खोक्यावर, तांडा दारात आणि खिडक्यांत. साहेबांनी अर्ज बाईंच्या हाती दिला. त्यांनी तो वाचला. पेन्सिल काढून एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला.

"हे अक्षर ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"ओळखते. पन नाव सांगनार नाही. त्याच्या शाळेतही पोट्टे हायेत."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी बाईंच्या वह्या चाळल्या, उन्हाळ्याची हजेरी पाहिली, आणि त्यांना ही बाई वाचवावीशी वाटू लागली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी थावराला पुढं बोलावलं.

"तुझी पोरगी मरता मरता वाचली. बाईंविरुद्ध तुझं काय म्हणणं आहे?"

थावरा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मी टाक उचलून धरला होता.

"पोरगी पडली हे खरं हाय," तो म्हणाला. "पन ते पान्यासाठी पडली. पानी तं शाया नसती तरी लागलंच असतं. आता बाई घागर घेऊन झिऱ्यावर येते. बाईच्या आंधी इतके साहेब आले, कोन झिऱ्यावर आलतं?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. मला म्हणाले, "लिहा. पालकाची तक्रार नाही." मग बाईंकडे वळून, जवळजवळ आर्जवानं म्हणाले, "उन्हाळी वर्ग सहा ते दहा, नाही का? दहाच्या ठोक्याला सुटी. म्हणजे मुलगी दहाला शाळेतून गेली, त्यापुढचं शाळेच्या जबाबदारीत येत नाही. असंच ना?"

त्यांनी वाट दाखवली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"त्या दिवशी दहा नाही जी," बाई म्हणाल्या. "साडेदहा झाले होते."

"बाई, घड्याळ मागे-पुढे असतं. दहा लिहू."

"दहा नोका लिहू. साडेदहा लिहा."

"का उशीर झाला?"

"धानीबाई वाचून राह्यली होती. पुस्तकातलं अख्खं पान, न अडखळता, पहिल्यांदा. ते झालं तं तिनं दुसरं पान काढलं. मले घड्याळ दिसत होतं. मी तिले थांबवलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला म्हणाले, "साडेदहा लिहा." मी लिहिलं.

चौकशी तिथं संपली असती. पण साहेब उठता उठता थांबले. "हिवाळ्यात शाळा बंद असते हे तुमच्या तपासनिसांना माहीत होतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोटं बोलत नसत, हे मला माहीत होतं.

"ते त्यांले इचारा," बाई म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर माझी नवी नोकरी होती, बोरी अरबला बांधायला घेतलेलं घर होतं, आणखी काय काय होतं. मी म्हणालो, "हिवाळ्यात मी एकदा आलो होतो. कुलूप होतं. बाईंची भेट झाली नाही." मी हे म्हणालो. आणि टिपण मीच घेत होतो, म्हणून ते वाक्य मी माझ्याच हातानं कागदावर लिहिलं. बाईंनी मान फिरवली आणि खिडकीतल्या पोरांना पांगायला सांगितलं.

महिन्याभरात हुकूम आला. बाईंना सक्त ताकीद आणि बदली, राळेगाव भागातल्या एका खेड्यात. मला काहीच झालं नाही. त्या निघाल्या त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाची एक शाळा तपासायला काढली होती.

नवे मास्तर नियमाचे पक्के होते. वेचणीतही शाळा उघडी, रिकामी, आणि वही प्रामाणिक. त्यांच्यावर कोणाला ठपका ठेवता आला नसता. नियमाप्रमाणे त्यांनी नावं कमी केली. पुढच्या होळीला मी पट पाहिला तेव्हा धानीचं नाव तांबड्या रेघेखाली गेलं होतं.

त्यानंतर मी दरवर्षी एक टिपण वर पाठवत राहिलो : सुट्ट्या गावच्या हंगामाप्रमाणे ठरवू द्याव्यात, वेचणीच्या गैरहजेरीवर नाव कमी करू नये. टिपणं परत येत, नाहीतर येतच नसत. महाराष्ट्र राज्य झालं. शाळांचा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला, नवी माणसं आली, त्यांतली बरीच शेतकऱ्यांच्या घरची होती. त्यांना वेचणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. एक दिवस तसं परिपत्रक निघालं. मी तेव्हा यवतमाळच्या कचेरीत होतो. शाईचा वास जायच्या आत एक प्रत घडी करून खिशात घातली आणि राळेगावची एस.टी. पकडली.

बाईंच्या शाळेत मधली सुट्टी होती. त्या ओसरीवर भाकर खात होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. हात धुतला आणि कागद घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. इतकी वर्षं मी या घटकेची वाट पाहिली होती.

त्यांनी दोनदा वाचलं.

"यात पान्याचं काही नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "बाई, त्या चौकशीच्या दिवशी मी जे बोललो..."

"ते तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या. रागानं नाही. भाकरीचं फडकं झटकत म्हणाल्या. "धानीबाई कुठी हाय?"

"तांड्यावरच. नाव कमी झालं होतं."

"मले माहीत हाय. लगन झालं तिचं?"

"नाही. पण बोलणी चालू आहेत म्हणतात."

"हा कागद तिथल्या मास्तरले देल्ला?"

"अजून नाही. आधी तुम्हाला..."

"मंग इथं काहून आले?" त्या उठून उभ्या राहिल्या. "तिकडे जा. यवतमाळची गाडी येऊन राह्यली."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी तांड्यावर, परिपत्रक घेऊन. थावराशी दोन दिवस बोलावं लागलं, फुलसिंग नायकाशी त्याहून जास्त. धानी पुन्हा पटावर आली, आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान पोरांच्या ओळीत बसली, आणि चौथी पास झाल्यावरच तिचं लग्न झालं. त्या उन्हाळ्यात तिथल्या मास्तरांना मी पहिला तास झिऱ्यावर घ्यायला लावलं. हे सगळं मी पोस्टकार्डानं बाईंना कळवलं. उत्तर आलं नाही, आणि पुन्हा भेट झाली नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या परिपत्रक दाखवलं त्याच दिवशी, राळेगावच्या रस्त्यावर. गाडी खेड्याशी थांबत नसे. बाई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, हात आडवा करून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला, शिव्या देत डोकं बाहेर काढलं, आणि त्यांना पाहून डोकं आत घेतलं. मी चढलो, मागच्या काचेशी जागा मिळाली. धुरळ्यातून मागे पाहिलं, तोवर त्यांनी पाठ फिरवली होती. सुट्टी संपली होती. पोरं ओसरीवर गोळा झाली होती, आणि बाई लुगड्याचा काठ एका हातात उचलून, जवळजवळ धावत, शाळेकडे चालल्या होत्या.